आधी बार्थ वाचावा की जेनेत?

फ्रेंच साहित्यसिद्धान्त मुळातून वाचायचा असे ठरवलेल्या वाचकापुढे पहिली अडचण येते ती निवडीची. नावे पुष्कळ आहेत, पुस्तके त्याहून पुष्कळ, आणि हाताशी असलेला वेळ बहुधा एका सत्राचा किंवा फार तर एका पावसाळ्याचा. अशा वाचकाने, म्हणजे मराठी किंवा तौलनिक साहित्याच्या पदव्युत्तर विद्यार्थ्याने, समीक्षा लिहू पाहणाऱ्याने, किंवा कादंबरी वाचताना आपण नेमके काय करत असतो असा प्रश्न पडलेल्या कुणीही, रोलाँ बार्थपासून सुरुवात करावी की जेरार जेनेतपासून, एवढाच मर्यादित विचार येथे करावयाचा आहे. देरिदा, फूको, क्रिस्तेव्हा यांना मुद्दाम बाजूला ठेवले आहे. त्यांची थोरवी वादातीत आहे. परंतु कथात्म साहित्य हातात घेऊन बसलेल्या वाचकाला थेट उपयोग होतो तो या दोघांचा अधिक.

ही दोन नावे शेजारी ठेवण्याला आणखी एक कारण आहे. दोघे एकाच घरातले आहेत. १९६६ साली ‘कोम्युनिकासिओं’ या नियतकालिकाचा आठवा अंक कथनाच्या संरचनात्मक विश्लेषणाला, म्हणजे कथेचे घटक एकमेकांशी कसे जोडलेले असतात याच्या अभ्यासाला, वाहिलेला होता. त्याचा प्रास्ताविक लेख बार्थचा होता आणि त्याच अंकात कथनाच्या सीमांविषयी जेनेतचाही लेख होता. दोघांची महत्त्वाची पुस्तके पॅरिसच्या ‘सय’ या प्रकाशनसंस्थेने काढली. जेनेतच्या पहिल्याच लेखसंग्रहात बार्थवर एक दीर्घ लेख आहे, आणि १९७२ मध्ये जेनेतचे ‘फिगर्स ३’ प्रसिद्ध झाले तेव्हा बार्थने त्याचे स्वागत करणारे परीक्षण लिहिले. वयात पंधरा वर्षांचे अंतर असलेले, एकमेकांना नीट वाचणारे हे दोन समकालीन आहेत. असे असूनही त्यांचा पिंड इतका भिन्न आहे की एकाची गोडी लागलेल्याला दुसरा बरेचदा सोसत नाही.

आधी चरित्राकडे वळू, कारण निवडीचा पहिला धागा तेथेच सापडतो.

बार्थचा जन्म १२ नोव्हेंबर १९१५ रोजी शेरबूर या बंदराच्या गावी झाला. वडील नौदलात अधिकारी होते. मुलाला वर्ष होण्याच्या आतच, १९१६ च्या ऑक्टोबरात, उत्तर समुद्रातील चकमकीत ते मारले गेले. आईने त्याला नैर्ऋत्य फ्रान्समधील बायोन येथे वाढवले आणि १९२४ मध्ये ती दोघे पॅरिसला आली. शाळेत हुशार असलेला हा मुलगा प्रतिष्ठित उच्च शिक्षणसंस्थेत जाणार हे जवळपास ठरलेले असताना १९३४ मध्ये त्याला क्षयाने गाठले. पुढील बारा-तेरा वर्षांत हा आजार पुन्हा पुन्हा उलटला, आणि दुसऱ्या महायुद्धाचा बराचसा काळ बार्थने आल्प्समधील आरोग्यधामांत पडून, वाचून आणि टिपणे काढून घालवला. फ्रान्समध्ये अध्यापकाचा राजमार्ग ज्या स्पर्धापरीक्षेतून जातो ती त्यामुळे हुकली, प्रबंधही पूर्ण झाला नाही. मग बुखारेस्ट, अलेक्झांड्रिया, संशोधनसंस्थांमधील तात्पुरत्या जागा अशी वळणे घेत तो १९६० च्या सुमारास पॅरिसच्या ‘एकोल प्रातिक’ या संस्थेत स्थिरावला. १९७७ च्या जानेवारीत, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, ‘कोलेज द फ्रांस’ या सर्वोच्च मानाच्या संस्थेत त्याने साहित्यिक चिन्हमीमांसेच्या, म्हणजे चिन्हांतून अर्थ कसा घडतो याच्या अभ्यासाच्या, अध्यासनावरून पहिले व्याख्यान दिले. त्याच वर्षी २५ ऑक्टोबरला त्याची आई गेली. १९८० च्या २५ फेब्रुवारीला, फ्रांस्वा मितेराँ यांच्याबरोबरच्या दुपारच्या जेवणाहून परतताना, धुलाईच्या कपड्यांच्या गाडीने त्याला रस्त्यात धडक दिली आणि २६ मार्चला त्याचा मृत्यू झाला.

जेनेतच्या आयुष्यात असे काही घडलेले दिसत नाही. ७ जून १९३० रोजी पॅरिसमध्ये जन्म, बार्थला जी दारे बंद झाली त्याच दारांतून सरळ प्रवेश, ‘एकोल नोर्माल’मध्ये शिक्षण, तरुणपणी कम्युनिस्ट पक्षाचे सभासदत्व आणि हंगेरीतील उठाव रणगाड्यांनी चिरडला गेल्यावर १९५६ मध्ये पक्षत्याग, त्यानंतर ल माँ या गावी अध्यापन, मग पॅरिस. १९७० मध्ये त्याने त्स्वेतान तोदोरोव्ह आणि एलेन सिक्सू यांच्यासह ‘पोएतिक’ हे नियतकालिक सुरू केले. ११ मे २०१८ रोजी, वयाच्या सत्त्याऐंशीव्या वर्षी तो गेला. मधल्या पन्नास वर्षांत त्याने पुस्तके लिहिली, एवढेच त्याचे चरित्र म्हणता येईल.

येथे एक गंमत लक्षात येते. लेखकाच्या चरित्रातून संहितेचा अर्थ काढू नये असे ठणकावून सांगणारा बार्थ स्वतःचे आयुष्य वगळून वाचताच येत नाही. त्याच्या अखेरच्या पुस्तकातील दुःख आईच्या मृत्यूचे आहे, त्याच्या तुटक, टिपणवजा शैलीमागे आरोग्यधामात लागलेली कागदाच्या चिठ्ठ्यांवर लिहिण्याची सवय आहे, आणि विद्यापीठीय पांडित्याविषयीच्या त्याच्या अढीमागे बाहेर राहिलेल्या माणसाचे मन आहे. याउलट बार्थने केली तशी लेखकाच्या मृत्यूची घोषणा जेनेतने कधी केली नाही, पण त्याच्याविषयी एक अक्षर ठाऊक नसले तरी त्याचे पुस्तक कुठे अडत नाही. म्हणून ज्याला विचारांबरोबर एक माणूस भेटायला हवा असतो, त्याचे पारडे आरंभीच बार्थकडे झुकते. ज्याला माणसाची अडगळ नको, नुसती हत्यारे हवीत, त्याने जेनेतच्या कार्यशाळेत शिरावे.

बार्थ निवडला तरी कुठला बार्थ, हा प्रश्न उरतोच. एकाच माणसाने तीन वेगवेगळे लेखक असावेत इतके त्याने स्वतःला बदलले.

पहिला बार्थ १९५७ च्या ‘मिथॉलॉजीज’चा. १९५४ ते १९५६ या काळात लिहिलेल्या त्रेपन्न छोट्या लेखांचा हा संग्रह. कुस्तीचे फड, कपडे धुण्याची पावडर, वाइन, बटाट्याच्या तळलेल्या कापांसह वाढलेला मांसाचा तुकडा, ग्रेटा गार्बोचा चेहरा, सित्रोएनची नवी मोटार, प्लॅस्टिक अशा तेव्हाच्या फ्रेंच मध्यमवर्गीय आयुष्यातील चार गोष्टी उचलायच्या, आणि त्या ‘स्वाभाविक’ वाटण्यामागे कोणती यंत्रणा काम करते ते दाखवायचे, ही त्याची पद्धत. शेवटच्या दीर्घ निबंधात ‘पारी माच’ या साप्ताहिकाच्या मुखपृष्ठाचे विश्लेषण आहे. फ्रेंच गणवेशातील एक कृष्णवर्णीय तरुण सैनिक सलाम ठोकत आहे. चित्रात आहे ते एवढेच. पण हे चित्र पाहणाऱ्याला सांगते की फ्रेंच साम्राज्य थोर आहे आणि वर्णभेद न मानता सर्व पुत्र त्याची इमाने सेवा करतात. चित्र खोटे नसते, म्हणून त्याला खोडताही येत नाही. ते इतिहासाला निसर्गाचे रूप देते. अल्जीरियातील युद्ध पेटलेले असताना हे लिहिले गेले आहे, हे ध्यानात ठेवून तो निबंध वाचावा. साहित्याशी थेट संबंध नसलेल्या वाचकालाही या पुस्तकात रमता येते, आणि ते वाचल्यानंतर घरातील दूरचित्रवाणीवरच्या जाहिराती पूर्वीसारख्या दिसत नाहीत, हा अनुभव अनेकांचा आहे.

दुसरा बार्थ संरचनावादी, आणि मला विचाराल तर सर्वात जास्त शिकवणारा. त्याच्याकडे जाण्याआधी एका भांडणाचा उल्लेख करायला हवा. १९६३ मध्ये बार्थने सतराव्या शतकातील फ्रेंच नाटककार रासीन याच्या नाटकांवर पुस्तक लिहिले, तेव्हा सॉर्बोनचे रासीन-पंडित रेमों पिकार यांनी १९६५ मध्ये ‘नवी समीक्षा की नवी भामटेगिरी’ अशा अर्थाच्या शीर्षकाची पुस्तिका काढून त्याच्यावर तोफ डागली. आक्षेप असा होता की शब्दांचे सतराव्या शतकातील अर्थ न पाहता हा मनुष्य वाटेल ते वाचतो. बार्थने १९६६ मध्ये उत्तर दिले. कोण बरोबर होते याचा निकाल आज सरळ बार्थच्या बाजूने लावण्याची प्रथा आहे, परंतु पिकार यांचे सर्वच आक्षेप उडवून लावण्याजोगे नव्हते. शब्दकोश उघडण्याची शिस्त समीक्षकाला जाचक वाटू लागली की काय होते, ते आपणही आपल्या भाषेत पाहतोच.

‘एस/झेड’ हे १९७० चे पुस्तक बार्थने दोन वर्षे चालवलेल्या परिसंवादातून आले. बाल्झाकची ‘सारासीन’ ही १८३० ची तीसेक पानांची कथा त्याने ५६१ तुकड्यांत कापली. तुकडा कधी एका शब्दाचा, कधी काही वाक्यांचा. प्रत्येक तुकड्यावर तो पाच संकेतांपैकी कोणता चालतो ते नोंदवतो: रहस्य लांबवणारा, कृतींची साखळी जोडणारा, व्यक्ती आणि वस्तूंना छटा देणारा, प्रतीकांचा, आणि ‘सर्वांना ठाऊकच असते’ अशा सामायिक ज्ञानाचा. कथा एका शिल्पकाराची आहे. तो रोममधील गायिका झांबिनेल्लाच्या प्रेमात पडतो आणि ती स्त्री नसून खच्ची केलेला पुरुष गायक आहे हे कळल्यावर सर्वनाश ओढवतो. वाचकाला हे कळू नये म्हणून बाल्झाक कोणकोणत्या युक्त्या करतो, कुठे अर्धसत्य सांगतो, कुठे उत्तर देतो आहे असे भासवून टाळतो, हे तुकड्यागणिक पाहताना आपण आजवर कथा किती घाईने वाचत आलो याची लाज वाटू लागते. हे पुस्तक कंटाळवाणे आहे असे म्हणणारे खोटे बोलत नाहीत. पण हा कंटाळा रियाजाचा आहे. तबल्याचा एकच कायदा तासभर वाजवणाऱ्याला जे कळते, तसले काही येथे कळते.

तिसरा बार्थ १९७३ नंतरचा. तो सिद्धान्त मांडणे जवळपास सोडून देतो आणि वाचनाच्या सुखाविषयी, प्रेमात पडलेल्याच्या बोलण्याविषयी, स्वतःविषयी तुटक तुटक लिहितो. १९८० च्या ‘कॅमेरा ल्युसिडा’त छायाचित्रांविषयी बोलता बोलता तो आईच्या एका छायाचित्रापाशी येऊन थांबतो. हे छायाचित्र १८९८ मधले, आई तेव्हा पाच वर्षांची आणि काचेच्या हिवाळी बागेत उभी. पुस्तकात इतर अनेक छायाचित्रे छापली आहेत, हे मात्र छापलेले नाही, कारण ते तुमच्यासाठी शेकडो छायाचित्रांपैकी एक ठरेल असे तो सांगतो. ज्या माणसाने पंचवीस वर्षांपूर्वी प्रत्येक चित्रामागची सामाजिक यंत्रणा उघडी पाडली, तोच येथे एका चित्रापुढे निःशस्त्र उभा आहे. या पुस्तकापासून सुरुवात करणारे वाचक पुष्कळ आहेत आणि त्यांना ते अतिशय आवडते. परंतु १९५७ चा बार्थ वाचल्याखेरीज या शस्त्रत्यागाची किंमत कळत नाही, म्हणून आरंभासाठी मी ते सुचवणार नाही.

जेनेतचा विचार करताना मात्र एकाच पुस्तकाला धरून राहता येते. ‘फिगर्स ३’चा मोठा भाग व्यापणारा प्रबंध १९८० मध्ये ‘नॅरेटिव्ह डिसकोर्स’ या नावाने इंग्रजीत आला. आज कथनमीमांसा म्हणून जे शिकवले जाते त्याचा निम्मा शब्दसंग्रह तेथून आलेला आहे. मार्सेल प्रूस्तची सात भागांची महाकादंबरी समोर ठेवून जेनेत कथन कसे चालते ते पाहतो. त्याचा प्रारंभ खट्याळ आहे. कोणतेही कथन म्हणजे एका क्रियापदाचा विस्तार, असे तो म्हणतो. ‘ओडिसी’ म्हणजे ‘युलिसीस इथाकाला परततो’, आणि प्रूस्तची हजारो पाने म्हणजे ‘मार्सेल लेखक होतो’. आणि कथन जर क्रियापदाचा विस्तार असेल, तर त्याच्या अभ्यासाची दालनेही क्रियापदाच्या व्याकरणातूनच घ्यावीत, म्हणून तो काळ, अर्थ आणि प्रयोग या तीन व्याकरणिक कोटी उसन्या घेतो.

मराठी वाचकाला येथे एक अनपेक्षित फायदा मिळतो. काळ, अर्थ आणि प्रयोग हा आख्यातविचार, म्हणजे क्रियापदांच्या रूपांचा विचार, आपण शाळेत घोकलेला असतो: आज्ञार्थ, विध्यर्थ, कर्तरी, कर्मणी. इंग्रजीत ‘मूड’ आणि ‘व्हॉइस’ हे शब्द वाचून व्याकरणाऐवजी मनःस्थिती आणि आवाज डोळ्यांपुढे येतात. मराठीत मूळ कल्पना अधिक नितळ दिसते. अडचण एवढीच की ‘अर्थ’ हा शब्द समीक्षेत वापरला की कुणीही त्याचा व्याकरणिक अर्थ घेणार नाही.

काळाच्या दालनात तो तीन प्रश्न विचारतो: घटना कोणत्या क्रमाने घडल्या आणि कोणत्या क्रमाने सांगितल्या, घडायला किती वेळ लागला आणि सांगायला किती पाने, आणि किती वेळा घडले आणि किती वेळा सांगितले. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर तो चक्क पाने मोजून देतो. प्रूस्तच्या अखेरच्या भागातील एक मेजवानी दोन-तीन तासांची, तिला दोनशेच्या आसपास पाने. इतरत्र अनेक वर्षे दोन परिच्छेदांमधल्या मोकळ्या जागेत नाहीशी होतात. हे मोजमाप हास्यास्पद वाटेल. पण जसजसे पुढे जावे तसतसे या कादंबरीतील प्रसंग लांबत जातात आणि त्यांच्यामधील विवरे रुंद होत जातात हे निरीक्षण मोजल्याशिवाय हाती लागले नसते, आणि वृद्ध होणाऱ्या निवेदकाच्या स्मरणशक्तीविषयी ते जे सांगते ते कोणत्याही उद्गारवाचक रसग्रहणाने सांगितले नसते.

तिसरा प्रश्न तर मराठी भाषकाच्या अगदी हाताशी आहे. अनेकदा घडलेली गोष्ट एकदाच सांगणे, याला जेनेत एक स्वतंत्र प्रकार मानतो आणि प्रूस्तच्या पहिल्या भागाचे सारे वातावरण या प्रकारावर उभे आहे असे दाखवतो. कोंब्रे गावात शनिवारी मोलकरणीला दुपारी बाजाराला जायचे असे, म्हणून घरात जेवण तासभर आधी होत असे. हा बदल दर आठवड्याला होत असूनही घरच्यांना दर शनिवारी त्याचे नवल वाटत असे. ‘असे, असे, असे’ हा जो ठेका वरच्या वाक्यात आला तो आपला रीतिभूतकाळ. आजीच्या आठवणी सांगताना आपण सहज ‘ती पहाटे उठत असे’ म्हणतो आणि मधूनच ‘त्या दिवशी मात्र ती उठली नाही’ असे म्हणतो, तेव्हा रीतीकडून एका घटनेकडे उडी मारलेली असते. बहुतेक आत्मकथनांची जादू या उडीत असते. जेनेत ही उडी दिसायला शिकवतो.

अर्थ आणि प्रयोग या दालनांतून त्याची सर्वात प्रसिद्ध कल्पना येते. कोण बोलतो आणि कोण पाहतो हे दोन भिन्न प्रश्न आहेत. तृतीयपुरुषी निवेदक बोलत असतो, पण दिसते ते एखाद्या लहान मुलाला दिसेल तेवढेच. किंवा प्रौढ झालेला ‘मी’ बोलतो आणि पाहतो मात्र दहा वर्षांचा ‘मी’. ‘प्रथमपुरुषी निवेदन’, ‘तृतीयपुरुषी निवेदन’ एवढ्या दोन कप्प्यांवर आपली पुस्तक-परीक्षणे अजून भागवतात, त्यांनी निदान एवढा एक भेद उचलला तरी बराच धुरळा खाली बसेल. पुढे या कल्पनेवर मीके बाल ही कथनाची अभ्यासक आणि इतरांनी आक्षेप घेतले, आणि जेनेतने १९८३ मध्ये एक लहानसे पुस्तक लिहून आक्षेपांना उत्तरे दिली, काही ठिकाणी स्वतःला दुरुस्तही केले. ‘कोण पाहतो’ यापेक्षा ‘कोणाला जाणवते’ असे विचारणे बरे, असे त्याने मान्य केले. असा प्रामाणिक माघारीचा सूर सिद्धान्तकारांमध्ये दुर्मीळ असतो.

त्याच्या इतर पुस्तकांपैकी दोनच सांगतो. १९८२ चे ‘पॅलिम्प्सेस्ट्स’ एका संहितेवर दुसरी संहिता कशी उभी राहते, विडंबन, रूपांतर, अनुकरण यांत फरक काय, याविषयी आहे. जॉइसने ‘ओडिसी’तील कथासूत्र डब्लिनमध्ये नेले आणि व्हर्जिलने होमरचा घाट घेऊन वेगळीच कथा सांगितली, हे दोन व्यवहार एक नव्हेत, हे त्याचे साधे आणि पक्के निरीक्षण. दुसरे १९८७ चे, ज्याचे मूळ शीर्षक ‘उंबरठे’ असे आहे. प्रकाशकाच्या ‘सय’ या नावाचाही अर्थ उंबरठाच, ही कोटी जेनेतला न सुचती तरच नवल. शीर्षक, अर्पणपत्रिका, प्रस्तावना, मलपृष्ठावरचा मजकूर, मुलाखती, म्हणजे संहितेच्या सभोवती जे असते आणि जे वाचकाला आत घेते, त्याचा हा अभ्यास. जॉइसच्या कादंबरीचे नाव ‘युलिसीस’ नसते तर आपण ती कशी वाचली असती, असे तो विचारतो. ज्या भाषेत नव्या कवीच्या पहिल्या संग्रहाला ज्येष्ठाची प्रस्तावना लागते आणि ती कधी कधी कवितांपेक्षा लांब असते, त्या भाषेत या पुस्तकाला अभ्यासविषयांची ददात पडू नये.

आता भाषेचा मुद्दा, कारण आपण हे दोघे बहुधा इंग्रजीतून वाचणार आणि मराठीतून त्यांच्याविषयी बोलणार. जेनेतच्या संज्ञा ग्रीक धातूंपासून घडवलेल्या आहेत. त्या जिभेला अवघड आहेत, पण प्रत्येकीचा अर्थ एकच आणि काटेकोर असल्यामुळे भाषांतरात फारसे सांडत नाही. बार्थचे शब्द साधे आणि म्हणून फसवे आहेत. ‘एस/झेड’मधल्या त्याच्या प्रसिद्ध जोडीचे मराठीकरण ‘वाचनीय’ आणि ‘लेखनीय’ असे केले की घोटाळा होतो. मराठीत ‘वाचनीय’ ही प्रशंसा आहे. दिवाळी अंकाच्या परीक्षणात ‘अंक वाचनीय झाला आहे’ असे आपण लिहितो. बार्थच्या लेखी मात्र ती जवळजवळ तक्रार आहे: अशी संहिता वाचकाला नुसता गिऱ्हाईक करते, तर दुसरी त्याला लिहिण्यात सामील करून घेते. ‘प्लेझर ऑफ द टेक्स्ट’मध्ये सुखाच्या दोन पातळ्यांसाठी जे शब्द आहेत त्यांपैकी दुसऱ्याला मूळ फ्रेंचमध्ये उघड लैंगिक अर्थ आहे. इंग्रजी अनुवादकाने त्यासाठी ‘ब्लिस’ घेतला. आपण ‘आनंद’ म्हणालो की संस्कृत काव्यशास्त्रावर पोसलेल्या कानांना लगेच ‘ब्रह्मानंदसहोदर’, म्हणजे ब्रह्मानंदाच्या जातीचा आनंद, ऐकू येतो, आणि बार्थ ज्या देहाकडे बोट दाखवत होता त्याच्या नेमके उलट दिशेला आपण निघतो. मराठीत बार्थविषयी लिहिणाऱ्याने हे दोन शब्द तरी मूळ पुस्तकाशी ताडून वापरावेत.

दोघांचे वाचन वाया कसे जाते तेही सांगायला हवे. जेनेत बिघडतो तो लेबले चिकटवण्यात. कथा घ्यायची, ‘येथे पूर्वसूचना आहे, येथे मागे वळून पाहणे आहे, निवेदक अमुक पातळीवरचा आहे’ असे नोंदवायचे आणि प्रबंधाचे प्रकरण संपवायचे. त्या पूर्वसूचनेने कथेचे काय केले हा प्रश्नच राहून जातो. जेनेत स्वतः मात्र तसे करत नाही. त्याचे प्रत्येक लेबल प्रूस्तविषयी काहीतरी नवे सांगून जाते, आणि आपल्या परिभाषेच्या रुक्षपणाची थट्टा तो स्वतःच करतो. बार्थ बिघडतो तो घोषवाक्यांत. ‘लेखक मेला आहे’ हे वाक्य मूळ निबंधाची पाच-सहा पाने न वाचता जितक्यांनी उच्चारले असेल तितके क्वचितच दुसरे कुठले वाक्य उच्चारले गेले असेल. त्या निबंधाचा रोख अर्थाचा अंतिम मालक म्हणून लेखकाला पुढे करणाऱ्या समीक्षेवर आहे. लेखकांनी लिहिणे थांबवावे किंवा वाचकाने वाटेल तो अर्थ लावावा असे तो म्हणत नाही. लेबलांचा रोग परीक्षेपुरता टिकतो आणि मग आपोआप उतरतो. घोषवाक्यांचा रोग माणूस व्यासपीठावर जाईपर्यंत सोबत करतो. माझ्या मते दुसरा अधिक गंभीर आहे, आणि निवड करताना हाही विचार माझ्या मनात असतो.

तेव्हा निवड कशी करावी? प्रबंध किंवा प्रकल्प डोक्यावर असेल, एखादी कादंबरी किंवा आत्मकथन नेमून दिलेले असेल आणि वेळ चार महिन्यांचा असेल, तर जेनेत. तोही सगळा नव्हे, ‘नॅरेटिव्ह डिसकोर्स’ची पाच प्रकरणे, हातात स्वतःची कादंबरी आणि पेन्सिल घेऊन, प्रूस्त न वाचलेल्यानेही बिचकू नये. प्रूस्तची उदाहरणे तो संदर्भ देऊनच मांडतो. साहित्याचा औपचारिक अभ्यास करायचा नाही, पण भोवतालच्या चित्रांकडे, बातम्यांकडे, खाण्यापिण्याच्या कौतुकाकडे सावधपणे पाहायला शिकायचे आहे, अशा वाचकाने ‘मिथॉलॉजीज’ घ्यावे आणि विकत घेताना आवृत्ती तपासावी: १९७२ च्या पहिल्या इंग्रजी अनुवादात निवडक अठ्ठावीसच लेख होते, संपूर्ण अनुवाद २०१२ मध्ये आला. जो स्वतः कथा लिहितो त्याला मी जेनेत देणार नाही. लिहिणाऱ्याला स्वतःच्या हालचालींची नावे आधीच कळली तर हात अवघडतो. त्याने ‘एस/झेड’ वाचावे, कारण एका कथेच्या शिवणी उसवून दाखवणारे यापेक्षा सविस्तर पुस्तक मला ठाऊक नाही. शिकवणाऱ्याने दोघेही वाचले पाहिजेत, त्याला सुटका नाही; त्याने आधी जेनेत वाचावा, म्हणजे वर्गात बार्थविषयी बोलताना पाय जमिनीवर राहतील.

आणि कुठलीही वाट धरली तरी ‘लेखकाचा मृत्यू’ हा निबंध पहिला वाचू नये, जरी अभ्यासक्रमात तोच पहिला असला तरी. १९६७ मध्ये तो आधी इंग्रजीत, ‘अॅस्पेन’ नावाच्या, खोक्यात घालून विकल्या जाणाऱ्या अमेरिकी नियतकालिकात आला आणि पुढच्या वर्षी फ्रेंचमध्ये. त्याची सुरुवात बाल्झाकच्या एका वाक्याने होते: स्त्रीवेषातल्या गायकाचे वर्णन करणारे ते वाक्य नेमके कोण बोलत आहे, असा प्रश्न बार्थ विचारतो. ते वाक्य ‘सारासीन’मधले आहे. कथा ठाऊक नसलेल्या वाचकाला तो प्रश्न निव्वळ अलंकार वाटतो; कथा वाचलेल्याला मात्र ठाऊक असते की ते वाक्य फसलेल्या शिल्पकाराचे असू शकते, फसवणाऱ्या निवेदकाचे असू शकते, किंवा स्त्रीत्वाविषयीच्या त्या काळच्या समजुतींचे. हा प्रश्न जेनेतच्या ‘कोण बोलतो’ या प्रश्नापासून फार लांबचा नाही, हेही तेव्हाच दिसते. बाल्झाकची ती कथा ‘एस/झेड’च्या शेवटी परिशिष्टात पूर्ण छापलेली आहे. पुस्तक मागून उघडावे, आधी ती कथा एका बैठकीत, कुठल्याही सिद्धान्ताविना वाचून काढावी, आणि मग पहिल्या पानावर यावे.